वन्सं, विहीर उपसली

वन्सं, तुमच्या तेराव्याला गाव पोटभर जेवलं आणि मग चहाला नावं ठेवून गेलं. तोंडावर कोणी बोललं नाही. पण कप खाली ठेवताना जो तो एकच म्हणत होता, यमूच्या हातची चव काही वेगळीच. चहा मी केला होता. तुमच्याच पातेल्यात, तुम्ही शिकवलात तसाच, गवती चहाच्या पातीची गाठ मारून टाकून. मला आधी राग आला आणि मग हसू आलं, कारण तुम्ही तिथं असतात तर पदर तोंडाला लावून सगळ्यांत आधी तुम्हीच हसला असतात. नणंदेच्या तेराव्याला हसणारी भावजय म्हणून दोघीचौघींनी माझ्याकडं वळून बघितलं. बघू देत. तुम्ही गेल्यापासून घरात हसायला कारणं थोडी उरली आहेत, मिळेल ते मी सोडत नाही.

तुमचा जन्म कधीचा ते तुम्हांलाही ठाऊक नव्हतं आणि बाकीचं सगळं गावाला पाठ आहे. सध्या प्रत्येक जण तुमची गोष्ट आपापल्या परीनं सांगतो आणि प्रत्येकाच्या गोष्टीत तो स्वतः तुमच्या शेजारी उभा असतो. मला तसलं काही सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

भांडणाची सुरुवात पहिल्याच दिवसाची. मी तळा गावाहून लग्न होऊन आले, वरात दारात थांबली, आणि उंबरठ्यावरच तुम्ही मला तांब्याभर पाणी दिलंत. मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिलात. कसं हाय, म्हणून विचारलंत. नव्या नवरीनं मान खाली घालून गोड आहे म्हणायचं, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, गोड आहे, पण आमच्या तळ्याचं याहून गार असतं. सासूबाईंचा चेहरा उतरला. तुम्ही मात्र माझ्या हातातला तांब्या घेतलात आणि आत जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ही भांडनारी हाय. बरं झालं, घरात मना कोन न्हवतं."

किहीमला दिलेली लेक तुम्ही, नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या. परत आलेल्या बाईनं मागच्या पडवीत बसून दिवस काढायचे, अशी सगळ्यांची समजूत. तुम्ही रस्त्याकडेला माडाच्या झापांचं छप्पर घालून चहाचं दुकान काढलंत. गाव महिनाभर बोललं, मग चहा प्यायला आलं. मी शाळेत मास्तरीण झाले तेव्हाही गाव बोललं होतं, आणि तुम्ही मला तोच हिशेब सांगितलात, की महिनाभर कळ काढ, मग पोरं आपोआप येतील. तशी ती आली.

तुमच्या चहाची सगळी करामत तुमच्या हाताची, असं गाव म्हणायचं. तुम्ही म्हणायच्यात, हात कसला, पाणी. आणि ते खरं होतं. आपल्या या किनाऱ्यावर कुठंही खणा, मचूळ पाणी लागतं. एक आपली माळाकडेची विहीर तेवढी गोड. मचवेवाले मुद्दाम बंदर सोडून पाण्याची पिंपं भरायला यायचे. आपल्या आळीच्या बायका आणि मोहल्ल्यातल्या बायका एकाच पायऱ्यांवर घागरी ठेवायच्या, भांडायच्या आणि एकमेकींच्या पोरी सांभाळायच्या. विहीर होती म्हणून गाव होतं, यात मी काही वाढवून सांगत नाही.

आणि त्या विहिरीची ती रीत. वैशाखात सगळ्या गावानं मिळून विहीर उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे, आणि नव्यानं झिरपलेलं पहिलं पाणी माहेरवाशिणीनं चाखून गोड की नाही ते सांगायचं. लेकच का, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. लेकीनं दुसऱ्या गावचं पाणी प्यालेलं असतं, तिला फरक कळतो, असं तुम्ही सांगितलंत. मग सुनेला का नाही कळणार, मी विचारलं. तिनंही दोन गावचं पाणी प्यालंय. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "सून सासरचं पानी गोडच म्हननार. तिला रव्हायचं हाय हितं. खरं बोलंल ती लेक." यावर मी जे बोलायला सुरुवात केली ते अजून संपलेलं नाही.

आता ती विमानाची पट्टी. लढाईच्या दिवसांत गोऱ्या पलटणीनं आपल्या माळावर डांबर ओतलं, जमिनीत तेलाची टाकी पुरली, आणि लढाई संपल्यावर सगळं तसंच टाकून ती निघून गेली. गावाला तोवर अशी सपाट, तापणारी, धूळ नसलेली जागा कधी मिळाली नव्हती. दोन उन्हाळे साऱ्या बायका तिथंच पापड वाळवायच्या. तांदळाचे पापड, सांडगे, आंब्याची साठं, मोहल्ल्याच्या बाजूला सोडे आणि बोंबील. पट्टी केवढी, तर अख्ख्या गावाचं वाळवण घातलं तरी अर्धी रिकामी. मग स्वातंत्र्य मिळालं आणि पुढं थोड्याच दिवसांत सरकारी माणसं आली. पट्टी झाडली, एक पत्र्याची कचेरी उभी केली आणि मुंबईहून छोटी विमानं उतरायला लागली. आपलं वाळवण पुन्हा अंगणात आलं.

बाकीच्या बायका करवादल्या. तुम्ही दुकान उचलून माळाच्या कडेला नेलंत. गिऱ्हाईक वाढेल म्हणून, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि गिऱ्हाईक वाढलंही. पण खरं कारण मला माहीत होतं. तुम्हांला विमानांचं वेड लागलं होतं. घरघर ऐकू आली की उकळता चहा तसाच सोडून तुम्ही बाहेर धावायच्यात आणि पदर हलवायच्यात. किती वेळा तो उतू गेला! दुकानात बसलेल्या माणसाला सांगायच्यात, की तो वरचा मना वळखतो. मला तुमची ही एक गोष्ट सगळ्यांत जास्त आवडायची आणि ती मी तुम्हांला कधी सांगितली नाही. वेड्यासारखं काय करता, एवढंच म्हणत राहिले.

दाऊदचाचा तिथं चौकीदार लागले. मोहल्ल्यातले, तुमच्याबरोबर लहानपणी चिंचा पाडलेले. पट्टीवर गुरं आली तर हाकलायची आणि पट्टी मोकळी नसेल तर तांबडा बावटा वर चढवायचा, एवढं त्यांचं काम. दिवसातून कितीदा तरी ते तुमच्याकडं चहाला यायचे. आणि त्यांनीच पहिल्यांदा चहा टाकला. अर्धा कप प्याले, तुमचं लक्ष नाही असं बघितलं आणि उरलेला माडाच्या बुंध्याशी ओतला. तुमचं लक्ष होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा ते म्हणाले, चा बरी हाय यमू, माज्या तोंडालाच चव न्हाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुंधा. आठवड्याभरानं विमानतळावरच्या, त्या पत्र्याच्या कचेरीतल्या साहेबांनी आडपडदा न ठेवता विचारलं, बाई, तुमच्या चहात रॉकेल पडतंय का?

त्या दिवशी तुमचा चेहरा मी पाहिला. नवरा गेला तेव्हाही तुम्ही अशा दिसला नसाल, असं मला वाटलं. तुम्ही सगळी भांडी राखेनं घासलीत, स्टोव्ह उचलून परसात ठेवलात, चुलीवर चहा करायला लागलात, दूधवाला बदललात. वास गेला नाही. मग कळलं की तो सगळ्यांच्याच घरात आहे, भातात आहे, आमटीत आहे. फक्त प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच घरचं काहीतरी चुकतंय, म्हणून कोणी बोललं नव्हतं.

आणि मग गावानं जी चूक केली ती आपलंच गाव करू जाणे. आपल्याकडं बादल्या कुठं होत्या. रॉकेलचे रिकामे चौकोनी डबे, आत लाकडाची दांडी ठोकलेली, हीच आपली बादली. सगळ्यांनी ठरवून टाकलं की कोणीतरी डबा न धुता विहिरीत सोडला. आपली आळी म्हणे मोहल्ल्यातल्या कुणीतरी, मोहल्ला म्हणे आळीतल्या कुणीतरी. पायऱ्यांवरच्या पोरी पहिल्यांदा आपापल्या बाजूला ओढल्या गेल्या. पंचांनी डब्यांना बंदी केली. तुम्ही दिवसच्या दिवस विहिरीच्या काठावर बसून प्रत्येकीचा दोर आणि कळशी हुंगत होतात, दोन्हीकडच्यांच्या शिव्या खात होतात. कुणाचाच डबा वासाचा निघाला नाही, पण वास वाढतच गेला. तुम्ही दुकानाला टाळं लावलंत. मचूळ पाण्याचा चहा मी कुणाला पाजणार नाही आणि ह्याचाही नाही, असं सांगून तुम्ही घरी बसलात. तुमची चूल थंड बघणं मला सोसायचं नाही. शाळेतून येताना मी वाट बदलली होती.

वैशाखात विहीर उपसायची वेळ आली. यंदा कशाला, असं बरेच म्हणाले. तुम्ही दोन्हीकडं घरोघर फिरलात आणि माणसं गोळा केलीत. दिवसभर मोट आणि कळश्या चालल्या, गाळ निघाला, तळ उघडा पडला. आपल्या विहिरीला तीन झरे, एक दर्याकडून, एक डोंगराकडून आणि एक माळाकडून. एरवी पाणी साठल्यावर तांब्या वरूनच सोडायचा. त्या वर्षी तुम्ही काष्टा घातलात आणि स्वतः खाली उतरलात. काठावर सगळं गाव वाकून बघत होतं. खालून तुमचा आवाज आला, दर्याकडचा गोड. मग थोड्या वेळानं, डोंगराकडचा गोड. मग बराच वेळ काहीच नाही. वर आलात ती ओंजळ सांडू न देता. त्या ओंजळीत उन्हात रंग फिरत होते, तांबडा, निळा, जांभळा. तुम्ही ती आधी आपल्या बायकांना दाखवलीत, मग मोहल्ल्यातल्या.

"ह्ये कुनाच्याच डब्याचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "माळाच्या पोटातनं येतंय."

 मोहल्ल्यातल्या एका म्हातारीनं पुढं होऊन तुमचे ओले पाय आपल्या ओढणीनं पुसले. मला हे रोज आठवतं.

तळावरचे साहेब चांगले होते, पण चांगुलपणानं टाकी बुजत नाही. टाकी लोखंडाची आहे, पलटणीनं पुरलेली आहे, ती गळणारच नाही, असं त्यांना मुंबईहून सांगितलं होतं आणि तेच ते आपल्याला सांगायचे. पालापाचोळा कुजला असेल. मचव्यांचं तेल असेल. मी शाळेच्या शाईनं अर्जावर अर्ज लिहिले, गावानं अंगठे उठवले, साहेबांनी ते नम्रपणे घेतले. आपण खाडीच्या बांधावरून पलीकडच्या गावी पाण्याला जायला लागलो आणि तिथल्या बायका आपल्याला आपला नंबर शेवटचा आहे, ते ऐकवायला लागल्या. मी चिडून म्हणायचे, हे विमान बंद पाडलं पाहिजे. तुम्ही म्हणायच्यात, इमानानं काय केलंय, गळतीय ती टाकी. त्या दिवसांतही घरघर ऐकू आली की तुमचा हात पदराकडं जायचा. मग आठवण होऊन तो खाली यायचा.

आता आपलं दुसरं भांडण, पापडांचं.

मुंबईचे मोठे साहेब विमानानं तळ बघायला येणार, हे तुम्हांला दाऊदचाचांनी सांगितलं, हे नक्की. आदल्या दिवशी तुम्ही दोन्हीकडच्या बायकांना म्हणालात की अंगणात वाळवण नीट होत नाही, उद्या माळावर घालू, हेही नक्की. तुम्हांला तारीख माहीत असताना तुम्ही हे केलंत, असं मी म्हणते. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, मना काय म्हाईत, पापडाचं दीस व्हतं. उजाडता उजाडता आपण चटया, सुपं, जुनी धोतरं घेऊन पट्टीवर गेलो आणि ऊन चढायच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गावाचं वाळवण पसरलं. दाऊदचाचांनी एकदा सगळीकडं नजर टाकली आणि तांबडा बावटा वर चढवला. पट्टी मोकळी नव्हती. त्यांनी त्यांचं काम केलं. नंतर त्यांना कोणी एक शब्द बोलू शकलं नाही ते त्यामुळंच.

साहेब कचेरीतून धावत आले आणि पहिल्या चटईपाशी थबकले. माणूस कितीही घाईत असला तरी अन्नावर पाय कसा देणार. ते चवड्यांवर उड्या मारत, पापडांच्या मधून वाट काढत तुमच्यापर्यंत आले. हे सगळं उचला, म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, उचला की साहेब, पण ओला पापड हाय, फाटतो. वाळल्याबिगर निघायचा न्हाय. त्यांनी एक उचलून बघितला. तो फाटला. तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलंत, की त्यांनी दोन्ही तुकडे परत चटईवर जुळवून ठेवले.

आणि विमान आलं. खाली आलं, बावटा बघून वर गेलं, घिरट्या घालत राहिलं. इतक्या जवळून ते कधी गेलं नव्हतं. पापड उडू नयेत म्हणून सगळ्या बायका चटया धरून ओणव्या झाल्या आणि तुम्ही एकट्या ताठ उभ्या राहून दोन्ही हातांनी पदर हलवत होतात. तुमचं तोंड हसून हसून लाल झालेलं. वैरी कोण आणि पाहुणा कोण, हे त्या क्षणी तुम्हांला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विमान मुंबईला परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब लाँचनं रेवसला उतरले आणि तिथून बैलगाडीनं धुळीतून, आपण सगळे येतो तसे आले. आल्या आल्या पाणी मागितलं. तुम्ही टाळं काढून दुकान उघडलं होतंत. हा जो खेळ झाला त्यातलं हे तरी तुम्ही आधी जुळवलं होतंत की नाही, हे मी तुम्हांला किती वेळा विचारलं असेल. तुम्ही लपवाछपवी काहीच केली नाहीत. सरळ विचारलंत, "साहेब, आमच्या हिरीचं देऊ का पलीकडल्या गावचं? पलीकडलं सांजंपत्तुर येल." ते म्हणाले, कुठलंही द्या. त्यांनी मोठा घोट घेतला. थुंकले नाहीत, तेवढे ते सभ्य. गिळला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही पिता? तुम्ही म्हणालात, सोडलं साहेब, पन तुमी मागितलंत.

टाकी उकरली. बुडाची चाळण झाली होती. आत उरलेलं तेल उपसून पिंपांत भरलं, पिंपं गाडीतून लांब गेली, नवी टाकी माळाच्या पार पलीकडं, खाडीच्या बाजूला सिमेंटच्या कट्ट्यावर बसवली. डोंगराच्या पायथ्याशी गावाला नवी विहीर खणून मिळाली. कुणी माफी मागितली नाही, पण विहीर मिळाली. आपल्या बायका आणि मोहल्ल्यातल्या बायका नव्या पायऱ्यांवर पहिल्या दिवशी जे भांडल्या, ते ऐकून मला धन्य वाटलं.

आणि तुम्ही विमानात बसलात. तळावरच्या साहेबांनीच विचारलं, बाई, येता का एक चक्कर. मला वाटलं, नको म्हणाल. तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून, पायलटसाठी पापडांची पुरचुंडी घेऊन गेलात. गाव खाली उभं राहून पदर आणि टोप्या हलवत होतं. उतरताना तुम्ही माझाच हात धरलात. सगळे विचारत होते, काय दिसलं. तुम्ही मला म्हणालात, "दर्या केवडा, सुलू. आनि आपली जुनी हीर बशीएवडी. तेवडीच गोड व्हती गो."

व्हती, म्हणालात. त्यातच मला कळलं की तुमच्या लेखी हे काम संपलेलं नाही. नव्या विहिरीचं पाणी चांगलं होतं, पण त्यात डाळ शिजायला वेळ लागायचा आणि चहाला ती चव नव्हती. लोक प्यायचे, छान म्हणायचे, पण दुसरा कप कोणी मागायचं नाही. तुमच्या लक्षात यायचं. जुन्या विहिरीवर सरकारनं पाणी पिऊ नये अशी पाटी लावली. दर वैशाखात मात्र तुम्ही माणसं गोळा करून ती उपसायला लावायच्यात, दरसाल थोडी कमी माणसं यायची, आणि दरसाल तुम्ही पाणी जिभेवर ठेवून म्हणायच्यात, अजून न्हाय. मी म्हणायचे, पुरे आता वन्सं, बुजवून टाकू, एखाद्या पोराबिराचा पाय घसरेल. तुम्ही म्हणायच्यात, तिला बरं व्हायला येळ लागंल. मग मी म्हणायचे, एकदा मला चाखू द्या. मग तुमचं ते लेक आणि सून सुरू व्हायचं. मागच्या वर्षी तुम्हांला पायऱ्या उतरवल्या नाहीत. वरूनच तांब्या सोडलात, चाखलंत आणि म्हणालात, अजून न्हाय, पन येतंय. मला ते खोटं वाटलं. म्हातारपणाची आशा वाटली.

या शिमग्यानंतर तुम्ही अंथरूण धरलंत. शेवटच्या दिवसांत तुम्ही फारसं काही मागितलं नाहीत. माज्यामागं हीर उपसायला लाव, एवढं एकदा म्हणालात. मी विचारलं, चाखणार कोण? तुम्ही भिंतीकडं तोंड वळवलंत आणि म्हणालात, बघ कोन ती. मला वाटलं होतं, तेव्हा तरी म्हणाल की तू. नाही म्हणालात. मी उगाच पांघरूण सारखं करत बसले.

तर ऐका. परवा विहीर उपसली.

माणसं कमी येतील, अशी मला भीती होती. इतकी आली की दोर पुरेनात. गावच्या लेकी कुणी मुंबईत, कुणी उरणला, तुमच्या तेराव्याला आलेल्याही आपापल्या घरी गेलेल्या. झरे मोकळे झाले, तळाशी पाणी झिरपायला लागलं आणि सगळे एकमेकांकडं बघत राहिले. दाऊदचाचा आता काठी घेऊन चालतात. ते दगडावर बसले होते. ते म्हणाले, "सुलूला उतरवा. दोन गावचं पानी तिनं बी प्यालंय." वन्सं, माझं म्हणणं इतक्या वर्षांनी कोणीतरी ऐकलं, आणि तेव्हा ते ऐकायला तुम्ही नव्हतात. मला तिथंच रडू फुटलं. रडत रडत काष्टा घातला.

खाली गार असतं, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. दर्याकडचा झरा, डोंगराकडचा, मग माळाकडचा. ओंजळीत रंग नव्हता. हुंगलं, वास नव्हता. चाखलं. वन्सं, मी तळ्याची मुलगी, मला पाण्यातलं कळतं. मी जिभेवर घोळवलं, थुंकून पुन्हा घेतलं, आणि खालून ओरडले, गोड.

 वर कोणीतरी हसलं आणि मग सगळं गाव हसायला लागलं. सून सासरचं पानी गोडच म्हननार! तुमचे शब्द, एक अक्षर न बदलता, बघा. मी एवढी संतापले की पायऱ्या कशा चढले, कळलं नाही. भांडत बसले नाही. कळशी भरून घेतली, तडक तुमच्या दुकानात गेले, झाप बाजूला सारले, तुमची चूल पेटवली. गवती चहाच्या पातीची गाठ मारली. गाव मागोमाग आलं आणि दाराशी उभं राहिलं. पहिला कप मी दाऊदचाचांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा टाकला होतात, आता तुम्हीच सांगा. आणि माडाच्या बुंध्यापुढं आडवी उभी राहिले, म्हणजे ओतायला जागा उरू नये.

त्यांनी कप उन्हात धरून आत बघितलं, रंग फिरतोय का ते. बशीत न ओतताच ओठाला लावला. मग सावकाश सगळा प्याले. तुम्ही बसायच्यात त्या पाटाकडं त्यांनी एकदा बघितलं. 

रिकामा कप त्यांनी माझ्यापुढं धरला, आणि मी तो पुन्हा भरला.